मार्कंड्याची यात्रा आणि ‘तआरुफ’चा पाठ

(सूरह अल-हुजुरात, आयत १३ चे अध्ययन)

दिव्य कुरआनमधील ४९ व्या सूरहचे, अल-हुजुरातचे, अध्ययन करताना एक गोष्ट साध्या वाचकाच्याही ध्यानात येते. अठरा आयतींच्या या लहानशा मदनी सूरहमध्ये श्रद्धावंतांना उद्देशून पाच वेळा हाक आली आहे. प्रेषितांसमोर (स.) आवाज चढवू नये, बातमी आली तर तिची शहानिशा करावी, दुसऱ्या समूहाची टर उडवू नये, कुशंका, पाळत आणि पाठीमागची निंदा यांपासून दूर राहावे, हे आदेश त्या हाकांखाली येतात. तेराव्या आयतीपाशी मात्र हाक बदलते. आता संबोधन केवळ श्रद्धावंतांना नाही, ते समस्त मानवांना आहे. सर्व मानव एका स्त्री-पुरुषाची संतती आहेत, त्यांची राष्ट्रे आणि कुळे परस्परांच्या ओळखीसाठी केली गेली, आणि अल्लाहपाशी प्रतिष्ठेचे माप वंश नसून ईशपरायणता आहे, असा त्या आयतीचा आशय होय. मशिदीतील शिस्तीपासून सुरू झालेला पाठ साऱ्या जगापर्यंत जाऊन पोहोचतो, आणि तोही एकाच सूरहमध्ये.

आयतीतील ‘लितआरफू’ हा शब्द आजच्या पाठाचा विषय आहे. अरबी भाषेत त्याचे मूळ ऐन, रा आणि फा या तीन अक्षरांत आहे. याच मुळापासून ‘मारिफत’ म्हणजे जाणतेपणाने झालेली ओळख, ‘उर्फ’ म्हणजे लोकांमध्ये रुळलेला रिवाज, आणि ‘मारूफ’ म्हणजे सर्वांनी चांगले म्हणून ओळखलेले आचरण, हे शब्द सिद्ध झाले. मदरशात व्याकरण शिकलेल्या विद्यार्थ्याला हेही ठाऊक असते की ‘तआरुफ’ या शब्दरूपात परस्परता आहे. एकाने दुसऱ्याला ओळखले आणि दुसरा अनभिज्ञच राहिला, तर त्याला तआरुफ म्हणता येत नाही. क्रिया दोन्ही बाजूंनी घडावी लागते.

काही मुफस्सिरांनी या आयतीच्या पार्श्वभूमीवर मक्काविजयाच्या दिवसाचा प्रसंग नोंदविला आहे. हजरत बिलाल (रजि.) यांनी काबागृहाच्या छतावर चढून अजान दिली, तेव्हा कुरैशमधील काही जणांना एका हबशी माणसाने तेथे उभे राहावे हे रुचले नाही आणि त्यांनी वर्णावरून अनुदार उद्गार काढले. ज्यांच्या तोंडून ते उद्गार निघाले त्यांना आपल्या कुळाची वंशावळ तोंडपाठ होती. बिलाल (रजि.) यांची ओळख मात्र त्यांना वर्षानुवर्षे एकाच शहरात राहूनही झाली नव्हती. शेजार असणे आणि ओळख असणे यांतील हे अंतर ध्यानात ठेवून आपण आता आपल्या मुलखाकडे वळू.

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या डाव्या तीरावर मार्कंडा हे गाव आहे. एरवी दक्षिणेकडे वाहणारी ही नदी येथे वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते, म्हणून हिंदू बांधव या स्थानाला विशेष महत्त्व देतात. तेथील प्राचीन मंदिरांचा समूह त्याच्या शिल्पकामामुळे ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणून ओळखला जातो आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. नदीपलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यातून, तेलंगणातून आणि छत्तीसगडमधून लोक येतात. आणि यात्रा म्हटली की बाजार आलाच. बांगड्या, भांडी, खेळणी, घोंगड्या, मिठाई, विळे-कोयते अशी दुकाने नदीकडे जाणाऱ्या वाटेवर लागतात. दुकानदारांत सर्व जातिधर्मांचे लोक असतात, मुस्लिमही असतात.

२०२५ साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला आली आणि रमजानचा पहिला रोजा २ मार्चला. यात्रेच्या त्या धामधुमीच्या आधीच्या एका जुम्याला, नमाज आटोपल्यावर, यात्रेत आजोबांपासून बांगड्या आणि खेळण्यांचे दुकान लावणाऱ्या घराण्यातील एक तरुण थांबून राहिला. लोक गेल्यावर त्याने मोबाइल पुढे केला आणि त्यावरील दोन संदेश दाखविले. एकात परदेशातील कोणा वक्त्याची चित्रफीत होती. अनेकेश्वरवाद्यांच्या जत्रेत केलेली कमाई हराम आहे, असे तो वक्ता ठासून सांगत होता. दुसरा संदेश गावातल्याच एका समूहात फिरत होता. यात्रेत मुसलमानाच्या दुकानातून काही घेऊ नका, असा त्याचा मजकूर होता. तरुण म्हणाला, “मौलाना, एक म्हणतो विकू नको, दुसरा म्हणतो घेऊ नको. माल तर भरून ठेवला आहे. मी काय करू?”

मला तेव्हा प्रथम जाणवले ते हे की दोन्ही संदेश लिहिणाऱ्यांनी मार्कंड्याची वाट बहुधा कधी पाहिलेली नाही. जागतिकीकरण म्हणतात ते हेच. पूर्वी दूरच्या देशातून कापड, मीठ आणि पितळ येत असे. आता दूरच्या देशातले भांडणही येते, आणि ते आपल्या शेजाऱ्याचा चेहरा लावून येते. तरीही प्रश्न खरा होता. त्या घरातील सहा माणसांच्या वर्षभराच्या खर्चाचा मोठा भाग त्या काही दिवसांत उभा राहतो. म्हणून उत्तर भावनेने देऊन चालण्यासारखे नव्हते, ते शरीअतच्या आधाराने द्यावे लागणार होते.

शरीअतमध्ये या प्रश्नाचे उत्तर नवीन नाही. इस्लामपूर्व काळात अरबस्तानात हजच्या हंगामात उकाज, मजन्ना आणि जुल-मजाज येथे मोठे बाजार भरत. ते अज्ञानकाळातील मेळे होते, मूर्तिपूजक कबिले तेथे जमत, काव्याच्या आणि कुळाच्या बढाया चालत. इस्लाम आल्यावर सहाबांना (रजि.) त्या बाजारांत व्यापार करणे पापाचे वाटू लागले. त्यांच्या मनातील हाच संकोच दूर करण्यासाठी सूरह अल-बकरहची १९८ वी आयत अवतरली, असे हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी सांगितल्याचे सहीह बुखारीत आले आहे. पालनकर्त्याची कृपा, म्हणजे उपजीविका, शोधण्यात दोष नाही, हा त्या आयतीचा निर्णय आहे. स्वतः प्रेषित (स.) प्रेषित्वाच्या प्रारंभीच्या वर्षांत त्या मेळ्यांत जाऊन कबिल्यांना अल्लाहचा संदेश ऐकवीत असत. मेळा टाळण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही.

आणखी एक रिवायत आपल्याकडे वाजमध्ये पुष्कळदा सांगितली जाते, परंतु तिच्या या बाजूकडे लक्ष जात नाही. प्रेषित (स.) यांचे निधन झाले त्या वेळी त्यांचे चिलखत एका यहुदी गृहस्थाकडे तीस साअ जवांच्या बदल्यात गहाण होते. मदीनेत तेव्हा धान्य बाळगणारे श्रीमंत सहाबा होते, त्यांनी मागताक्षणी घर रिकामे केले असते. तरी प्रेषितांनी (स.) आयुष्याच्या शेवटच्या दिवसांत घरचे जव ज्याच्याकडून घेतले तो दुसऱ्या धर्माचा शेजारी होता. देणे-घेणे, उधारी, गहाण, हिशेब ही विश्वासाशिवाय न होणारी कामे आहेत. परधर्मीयाशी व्यवहार वैध असल्याचा आधार फुकहांनी या हदीसमधून घेतला आहे.

म्हणून पहिल्या संदेशाचे उत्तर स्पष्ट आहे. वैध वस्तूंचा वैध व्यापार मेळा कोणाचाही असला तरी वैधच राहतो. मर्यादा आहे ती वस्तूची. मक्काविजयाच्या वर्षी प्रेषितांनी (स.) मद्य, मृत जनावर, डुक्कर आणि मूर्ती यांची विक्री निषिद्ध ठरविली, हे हजरत जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीत आहे. त्यामुळे देवदेवतांच्या प्रतिमा आणि केवळ पूजेसाठीच उपयोगी पडणारे साहित्य मुस्लिमाने विकू नये. बांगडी, परकर, पातेले, बाहुली यांचा यात काही संबंध नाही. नारळासारख्या वस्तूचा उपयोग दोन्हीकडे होतो, तो पूजेला जातो तसा चटणीलाही जातो. अशा वस्तूंबाबत फुकहांच्या मतांत फरक आहे, आणि ज्याच्या मनात खटका राहतो त्याने आपल्या भागातील मुफ्तींना विचारावे. आपल्या भागातील, हा शब्द मी हेतुतः वापरतो. फतवा देणाऱ्याला ‘उर्फ’ ठाऊक असावा लागतो, ही आपल्या फिक्हची जुनी अट आहे. ज्याला वैनगंगा कोठे आहे हे ठाऊक नाही त्याच्या चित्रफितीवरून तुमच्या दुकानाचा निकाल लागू शकत नाही.

दुसऱ्या संदेशाचे उत्तर देणे अधिक अवघड आहे, कारण तेथे आपला अपमान झालेला असतो आणि अपमानित माणसाला घाई असते. त्या तरुणाने एक प्रत्युत्तर लिहून ठेवले होते. मी ते वाचले. त्यात दुसऱ्यांच्या श्रद्धास्थानांविषयी दोन वाक्ये होती. मी त्याला सूरह अल-अन्आमची १०८ वी आयत दाखविली. अल्लाहखेरीज ज्यांची आराधना लोक करतात त्यांना शिव्या देण्यास तेथे स्पष्ट मनाई आहे, आणि कारणही तेथेच दिले आहे की मग तेही अज्ञानाने अल्लाहची निंदा करतील. म्हणजे आपल्या हातून निघालेला वाईट शब्द फिरून कोठे पोहोचतो याचा हिशेब आपल्याकडे मागितला जाईल. मग सूरह अल-माइदहची ८ वी आयत आहे. एखाद्या समूहाचे वैर तुम्हाला अन्यायाकडे ओढून नेऊ नये, न्यायाने वागा, असा तिचा आदेश आहे. येथे न्याय म्हणजे काय? संदेश एका माणसाने लिहिला, पाच जणांनी पुढे पाठविला. यात्रेत हजारो माणसे येतात आणि त्यांतील बहुसंख्यांना तो ठाऊकही नसतो. सहा जणांच्या दोषाची वसुली हजारोंकडून करणे हा न्याय नव्हे.

आणि सूरह अल-हुजुरातचीच ६ वी आयत आहे, बातमीची शहानिशा करण्याची. आपल्या घरांत ती रोज मोडली जाते, हे कबूल केले पाहिजे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे एवढेही माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, या अर्थाची हदीस सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेत आहे. बोटाच्या एका स्पर्शाने पुढे पाठविलेला संदेश हे ‘सांगणे’च होय. दुसऱ्यांच्या समूहातील विष आपल्याला दिसते. आपल्या समूहात फिरणारे, कुठल्या तरी देशातील दंगलीचे जुने चित्र आपल्या शहराचे म्हणून दाखविणारे विष आपल्याला ‘जागृती’ वाटते.

अन्याय झालाच तर काय करावे? येथे हिल्फुल-फुजूलचा पाठ उपयोगी आहे. प्रेषित्वाच्या पूर्वी, तरुण वयात, मुहम्मद (स.) मक्केत अब्दुल्लाह बिन जुदआन याच्या घरी झालेल्या एका करारात सहभागी झाले होते. कारण असे घडले की यमनकडील जुबैद कबिल्याचा एक व्यापारी मक्केत माल घेऊन आला, आस बिन वाइल या बड्या माणसाने तो माल घेतला आणि किंमत दिली नाही. परका, एकटा, पाठीशी कुळ नसलेला तो व्यापारी डोंगरावर चढून ओरडला. तेव्हा काही कुळांचे लोक एकत्र आले आणि त्यांनी शपथ घेतली की मक्केत कोणावरही, तो मक्केचा असो वा बाहेरचा, अन्याय झाला तर हक्क मिळेपर्यंत सर्व जण त्याच्या पाठीशी राहतील. त्या घरात तेव्हा कोणी मुस्लिम नव्हते. तरी प्रेषित्वानंतरही प्रेषितांनी (स.) त्या कराराची आठवण आदराने काढली आणि इस्लाममध्येही अशा करारासाठी कोणी बोलावले तर आपण होकार देऊ, असे सांगितले.

बाजारातला परका व्यापारी आणि त्याच्या पाठीशी उभे राहणारे परधर्मीय, हे चित्र मार्कंड्याच्या वाटेवर अगदी ओळखीचे आहे. त्या तरुणाला मी विचारले, “तुझ्या शेजारचे दुकान कोणाचे असते?” तो म्हणाला, “भांड्यांचे, सावलीकडचे काका लावतात. वडिलांच्या वेळेपासून.” त्या काकांना तो संदेश दाखविला का, असे विचारले तर त्याने दाखविला नव्हता. परदेशातील वक्त्याचे त्याने ऐकून घेतले, माझ्यापर्यंतही तो आला. ज्या माणसासोबत वीस वर्षे एकाच ताडपत्रीच्या सावलीत डबा उघडला त्याला मात्र विचारले नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून. तआरुफ अर्धवट राहतो तो असा.

आता हाच करार उलट बाजूने वाचला पाहिजे, आणि हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्टीत मोह, चारोळी, डिंक, हिरडा गोळा करून आदिवासी बाजारात आणतो. मीठ देऊन त्याच्याकडून चारोळी नेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गोष्टी या मुलखात सर्वांना ठाऊक आहेत. तो व्यापारी एकाच धर्माचा नव्हता, आपल्यातलाही होता. सूरह अल-मुतफ्फिफीन मापात कमी करणाऱ्यांच्या नाशाच्या घोषणेने सुरू होते. घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि देताना घटवून देतात अशांविषयी ती आहे. हजरत शुऐब (अ.स.) यांच्या समाजाचा तर नाशच या रोगाने झाला. तराजूसमोर उभ्या असलेल्या माणसाचा धर्म कोणता हे त्या आयतींत कोठेही विचारलेले नाही. ज्या माडिया बाईला आकडे वाचता येत नाहीत तिच्या चारोळीचे वजन हा आपल्या ईमानाचा विषय आहे. सहजीवनावर भाषणे देणाऱ्यांनी आधी आपल्या गल्लीतील तराजू तपासावा, असे मला वाटते.

गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. येथे गोंडी, माडिया, मराठी, हिंदी, तेलुगू, बंगाली आणि छत्तीसगढी अशा सात भाषा बोलल्या जातात. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ३८ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. सूरह अर्-रूमच्या २२ व्या आयतीत आकाश आणि पृथ्वीच्या निर्मितीच्या शेजारी माणसांच्या भाषा आणि वर्ण यांतील भेदाला अल्लाहची निशाणी म्हटले आहे, आणि ती निशाणी जाणत्यांसाठी आहे असेही म्हटले आहे. सात निशाण्या आपल्या दारात आहेत. त्यांपैकी किती आपण जाणतो? हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) यहुद्यांची लिपी शिकून घेण्यास सांगितले आणि त्यांनी ती अल्पावधीत आत्मसात केली, हे तिर्मिजीत आहे. भामरागड-एटापल्लीकडे वर्षानुवर्षे दुकान चालविणाऱ्या आपल्या बांधवांना माडिया येते, पण ती भावतोल करण्यापुरती. त्या लोकांच्या घरात मूल जन्मले वा माणूस गेला तर काय बोलावे, एवढी ती येत नाही.

मराठीविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. आपल्या घरांत उर्दूमिश्रित हिंदी बोलली जाते, ती आपली प्रिय भाषा आहे. पण मराठीकडे ‘त्यांची भाषा’ म्हणून पाहण्याची सवय काही घरांत अजून आहे. संतसाहित्याचे थोर अभ्यासक डॉ. यू. म. पठाण १९९० साली पुणे येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात मराठीत ग्रंथरचना करीत होते. त्यांच्या विचारांशी आपण कोठे सहमत आणि कोठे असहमत, हा स्वतंत्र विषय आहे. भाषा परकी नव्हती, इतकेच येथे सांगायचे आहे.

याच चामोर्शी तालुक्यात आणि शेजारच्या मुलचेरा तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून विस्थापित होऊन आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती आहेत. आपण त्यांच्याकडून मासे घेतो, भाजी घेतो, पण त्यांच्याशी बोलताना एक विषय दोघेही टाळतो. त्यांच्या आजी-आजोबांनी घर सोडले ते ज्या भीतीने सोडले, त्या भीतीचे नाव त्यांच्या आठवणीत कधीकधी ‘मुसलमान’ असे असते. हे ऐकून आपल्याला राग येतो. राग येऊ नये. कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहणार नाही, हा नियम सूरह अल-अन्आमच्या १६४ व्या आयतीत आला आहे. तो आपल्याला निर्दोष ठरवतो, तसाच दुसरीकडे आपल्या समाजावर झालेल्या अत्याचाराचे ओझे येथील हिंदू शेजाऱ्यावर टाकण्यासही मना करतो. शिवाय हिजरत ज्या उम्मतच्या इतिहासाचा प्रारंभबिंदू आहे, तिला घर सोडून निघालेल्या माणसाचे दुःख समजावून सांगावे लागू नये. त्यांच्या घरातील वृद्धाजवळ बसून त्याची कहाणी शेवटपर्यंत, मध्ये न बोलता ऐकणे, हाही तआरुफ होय.

आपल्या अल्पसंख्य स्थितीसाठी सीरतमधील सर्वांत जवळचा पाठ कोणता, असे मला पुष्कळदा विचारले जाते. लोकांच्या तोंडी मीसाक-ए-मदीना येतो. तो महत्त्वाचा आहेच. इ.स. ६२२ नंतरच्या त्या लिखित करारात यहुद्यांसाठी त्यांचा धर्म आणि मुस्लिमांसाठी त्यांचा धर्म मान्य करून शहराच्या रक्षणाची जबाबदारी सर्वांवर टाकली होती. पण तेथे नेतृत्व प्रेषितांकडे (स.) होते. आमची स्थिती हबशाच्या मुहाजिरांसारखी अधिक आहे.

इ.स. ६१५ च्या सुमारास मक्केतील छळाला कंटाळून सहाबांचा एक गट ख्रिस्ती राजा नजाशीच्या देशात गेला. तेथे ते थोडे होते, सत्ता दुसऱ्याची होती, बहुसंख्यांचा धर्म वेगळा होता. कुरैशने वकील पाठवून त्यांना परत मागितले, तेव्हा हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) दरबारात उभे राहिले. दुसऱ्या दिवशी प्रश्न आला तो अडचणीचा होता : हजरत ईसा (अ.स.) यांच्याविषयी तुम्ही काय मानता? आश्रय देणाऱ्या राजाला आवडेल असे उत्तर देण्याचा मोह कोणालाही झाला असता. जाफर (रजि.) यांनी जे प्रेषितांनी (स.) शिकविले तेच सांगितले, ईसा (अ.स.) अल्लाहचे दास आणि त्याचे प्रेषित आहेत. श्रद्धा झाकली नाही आणि ती सांगताना राजाच्या श्रद्धेची टरही उडविली नाही. राजाने त्यांना निर्भयपणे राहण्याची हमी दिली.

या कथेचा पुढचा भाग आपल्या वाजमध्ये क्वचित येतो. हजरत उम्मे सलमा (रजि.) सांगतात की काही काळाने नजाशीविरुद्ध एक बंडखोर उठला आणि नाईलच्या पलीकडे दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. मुस्लिम चिंतेत पडले. काय होते हे कोण पाहून येईल, असे विचारले गेले, तेव्हा वयाने सर्वांत लहान असलेल्यांपैकी एक, हजरत जुबैर (रजि.), पुढे झाले. मशकीत हवा भरून ती त्यांच्या छातीखाली बांधली गेली आणि ते नदी पोहून पलीकडे गेले. इकडे सर्व मुहाजिर त्या ख्रिस्ती राजाच्या विजयासाठी अल्लाहपाशी दुआ करीत राहिले. जुबैर (रजि.) विजयाची वार्ता घेऊन परतले तेव्हा झालेल्या आनंदासारखा आनंद कधी झाला नव्हता, असे उम्मे सलमा (रजि.) सांगतात. ज्या देशात राहतो त्याच्या बऱ्या-वाईटात आपला जीव गुंतलेला असणे ईमानाशी विसंगत नाही, हे या रिवायतीहून अधिक सुंदरपणे कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही. पुढे नजाशीचे निधन झाले तेव्हा प्रेषितांनी (स.) मदीनेत त्यांच्या जनाजाची नमाज अदा केली.

जाफर (रजि.) यांच्या स्पष्टतेचा धडा आणखी एका कारणाने आवश्यक आहे. सद्भावनेच्या व्यासपीठांवर सर्व धर्म एकच आहेत असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. मी अशा सभांना जातो, आणि या वाक्याशी सहमत होत नाही. तौहीद आणि मूर्तिपूजा एक नाहीत. आमच्या हिंदू बांधवांनाही त्या एक वाटत नाहीत. एक नसतानाही शेजारी राहता येते का, हाच तर खरा प्रश्न आहे. सारखेपणाचा देखावा केल्यावरच मिळणारी शांतता पहिल्या अजानला वा पहिल्या मिरवणुकीला भंगते. सूरह हूदच्या ११८ व्या आयतीनुसार अल्लाहने इच्छिले असते तर सर्व मानवांना एकच समुदाय केले असते. भेद हा त्याच्या योजनेचा भाग आहे, आणि सूरह अल-मुम्तहिनहच्या ८ व्या आयतीने धर्मावरून आपल्याशी न लढणाऱ्यांशी भलाईने आणि न्यायाने वागण्याचा मार्ग खुला ठेवला आहे.

घरातल्या बायका-मुलांपुढे हा प्रश्न तात्त्विक रूपात येत नाही. तो वाटीतून येतो. यात्रेहून आलेली शेजारीण प्रसाद घेऊन दारात उभी असते. मूर्तीला अर्पण केलेले अन्न आपण खात नाही, हे खरे आहे. परंतु दार लावून घेणे, तोंड वाकडे करणे, किंवा घेऊन मागच्या दाराने फेकून देणे, यांतील एकही गोष्ट शिष्टाचाराची नाही, आणि शेवटची तर फसवणूकही आहे. “ताई, आमच्याकडे हे चालत नाही, पण तुम्ही आठवणीने आलात याचे फार बरे वाटले, बसा, चहा घ्या,” एवढे म्हटले तर शेजारणीला राग येत नाही. तिच्या घरीही एकादशीला काय चालते आणि संकष्टीला काय चालत नाही याचे नियम असतात. नियम पाळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा नियम समजतो. आपल्याकडून ईदला शीरखुर्मा पाठवितानाही हाच विवेक हवा. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठविला का, असे ते पुनःपुन्हा विचारीत राहिले. शेजारी शाकाहारी असेल तर त्याच्यासाठी वाटा मांसाचा नसावा, हे त्यात आलेच.

आपल्या विदर्भाच्या इतिहासातून एक नाव सद्भावनेच्या लेखांत हमखास येते, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचे. औरंगजेबाच्या काळात त्याने इस्लाम स्वीकारला, पुढे नागपूर शहर वसविले, आणि त्याच्या वंशात इस्लामबरोबर गोंड ओळखही टिकून राहिली. त्याच्या धर्मांतरामागे राजकारण किती आणि श्रद्धा किती हे अल्लाह जाणतो, म्हणून मी त्याला आदर्श म्हणून पुढे करीत नाही. गोंड असणे आणि मुस्लिम असणे यांत अडीच-तीनशे वर्षे एका घराण्याला विरोध वाटला नाही, एवढी नोंद मात्र विचार करण्यासारखी आहे.

आता नवे लोक येत आहेत. सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघू लागले, चामोर्शी तालुक्यातच कोनसरी येथे लोहप्रकल्प उभा राहिला, रस्त्यावर परराज्यांच्या क्रमांकाच्या गाड्या दिसू लागल्या. कामगार दूरदूरच्या प्रांतांतून येतात, त्यांत मुस्लिमही असतात. जुम्याला मागच्या सफमध्ये ते अनोळखी बसतात आणि सलाम फिरवून निघून जातात. सूरह अन्-निसाच्या ३६ व्या आयतीत जवळच्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याचा आणि सोबतच्या सहप्रवाशाचाही हक्क सांगितला आहे. आपली मुले पुण्या-हैदराबादला आणि आखाती देशांत असेच परके शेजारी होऊन राहतात, तेव्हा त्यांच्याशी कोणी कसे वागावे असे आपल्याला वाटते?

तो तरुण यात्रेपूर्वी पुन्हा भेटला. सावलीच्या काकांना त्याने संदेश दाखविला होता. काकांनी तो वाचून फोन परत दिला आणि यंदा दोन्ही दुकानांची ताडपत्री एकच लावू, दोर जास्त पुरतो, एवढेच म्हणाले. दुकानातील एका खोक्यात देवांच्या छोट्या प्रतिमा असलेल्या किल्ल्यांच्या साखळ्या होत्या, त्या त्याने घाऊक व्यापाऱ्याला परत केल्या. नारळ तो ठेवीतच नव्हता. रोजा सुरू झाल्यावर मालाची आवराआवर करताना इफ्तार कोठे करावा, हा त्याचा शेवटचा प्रश्न होता. खजूर आणि पाणी जवळ ठेव आणि सूर्यास्त झाला की दुकानातच रोजा सोड, मग्रिबची नमाज शेजारच्या मोकळ्या जागेत पढ, असे मी त्याला सांगितले. सूरह अल-हुजुरातच्या ११ व्या आयतीतील टर उडविण्याच्या आणि टोपणनावे ठेवण्याच्या मनाईचे अध्ययन आपण पुढील पाठात करू, इन्शा अल्लाह.